डावा कान

मेलेल्या भावाचा हेवा करू नये म्हणतात. मी करतो. आठ वर्षं झाली करतोय, आणि आता कुणी तोंडावर विचारलं तर हो म्हणायची लाजही वाटत नाही. जिवंत भावाशी भांडता येतं, वाटणी मागता येते, दोन महिने बोलणं टाकता येतं. जो चोविसाव्या वर्षी सीमेवर लढताना गेला आणि ज्याचा पुतळा गावच्या फाट्यावर बसला, त्याच्याशी काय कपाळ भांडणार? तो कायमचा चोवीस वर्षांचा. माझे मात्र केस पिकले, गुडघे कुरकुरतात, आणि आईला अजून वाटतं की मला बाजारात कुणीही फसवतं.

मी सोमनाथ. मखमलाबादच्या पुढं आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आम्ही माळी, फुलं आमच्या पाचवीलाच पुजलेली. भल्या पहाटे तोडा करायचा आणि उजाडता उजाडता पाट्या घेऊन नाशिकच्या फुलबाजारात हजर व्हायचं, हे माझं आयुष्य. जीवन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात आम्ही त्याला जिवा म्हणायचो. त्याच्या स्मृतिदिनाला पुतळ्याला जो हार पडतो तो माझ्या मळ्यातला आणि माझ्याच हातचा असतो.

त्याचा दिवस नोव्हेंबरात येतो, नेमका शेवंतीचा पहिला तोडा निघतो तेव्हा. पूर्वी पहिल्या तोड्याची ओंजळभर फुलं बांधावरच्या म्हसोबाला जायची. आता आमची आई, नवसाबाई, ती सगळी जिवासाठी बाजूला काढते. म्हसोबा बिचारा माझ्यासारखाच मागं पडला. एकदा हे मी बायकोला बोलून दाखवलं, तर उज्वला म्हणाली, "अहो, देवाच्या पंगतीला स्वतःला बसवू नका." मी म्हटलं, बाई, देवाच्या नाही, उपाशी राहिलेल्यांच्या पंगतीला बसवतोय.

स्मृतिदिनाला भाषणं होतात. दर वर्षी भाषणातला जीवन थोडा मोठा होतो. पहिल्या वर्षी तो नुसता मनमिळाऊ होता. तिसऱ्या वर्षी तो लहानपणापासून देशासाठी झुरत होता. गेल्या वर्षी एका पाहुण्यानं सांगितलं की हा मुलगा अंधाराला कधी भ्याला नाही. मी मागं हारांच्या पाट्या सांभाळत उभा होतो, मला हसूच फुटलं. अहो, पंधरा वर्षांचा होईपर्यंत हा गडी अंधार पडल्यावर परसाकडं एकटा जायचा नाही. मी बाहेर उभं राहून गाणं म्हणायचं. गाणं थांबलं की आतून आवाज, "दादा, हायेस ना?" भाकरीचा पापुद्रा तेवढा खायचा आणि खालचं जाड माझ्या ताटात सारायचा. गणितात तर असा दिवा लावायचा की प्रगतिपुस्तक आईपर्यंत पोचूच द्यायचा नाही. पालकाची सही मीच ठोकायचो. असा होता जिवा. चांगला होता, पण असा होता. हा जिवा भाषणात कुणी सांगत नाही, कारण तो माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही.

आता कानाचं सांगतो, कारण माझं सगळं तिथंच अडकलंय.

मी अकरा वर्षांचा होतो, तो पाचचा. आई झेंडूच्या वाफ्यात निंदत होती. पाणी प्यायला विहिरीकडं जाताना म्हणाली, "सोमा, त्याच्याकडं बघ रे." मी बघतच होतो. पण बघता बघता गवत उपटायला खाली वाकलो, आणि ह्या शहाण्यानं आईचं खुरपं उचलून तलवारीसारखं फिरवलं. माझ्या डाव्या कानाची वरची कड गेली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. मी ओरडलो नाही. ओरडला तो. रक्त बघून पांढराफटक पडला आणि त्यानं असं भोकाड पसरलं की आई विहिरीवरून धावत आली.

आल्या आल्या तिनं माझ्या मुस्काटात दिली. "तुला बघ म्हनले व्हते ना? त्याच्या हातात खुरपं आलंच कसं?" मग जिवाला उचलून कडेवर घेतलं आणि "भ्यालं गं माझं लेकरू, भ्यालं" म्हणत पदरानं त्याचे डोळे पुसले. कान माझा, रक्त माझं, मार मला आणि पदर त्याला! नंतर तिनं हळद दाबली, दवाखान्यात नेलं, आठ दिवस दूधभात चारला, सगळं केलं. पण पहिलं काय केलं ते माणूस विसरत नाही. कान तसाच खाच पडून राहिला. पोरं मला कानफाट्या म्हणायला लागली, आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

मी दहावीत असताना वडील गेले, खंडेराव नाव त्यांचं. मी परीक्षेला बसलोच नाही, मळ्यात उतरलो. जिवाची शाळा मात्र चालू राहिली. तरी मला एक स्वप्न होतं, आणि हे आज गावात कुणाला आठवत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी मित्राच्या मोटरसायकलवर बसून सैन्याच्या भरतीला गेलो होतो. पळण्यात निघालो, छाती भरली, कागद घेऊन दुसऱ्या दिवशी या म्हणाले. घरी आलो तर आई चुलीपुढं बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू गेल्यावर मळा कोन बघंल? जिवा अजून लहान हाय." दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. कोथिंबिरीला पाणी भरलं.

सहा वर्षांनी जिवा तसाच भरतीला गेला आणि लागला. तेव्हा हीच माउली गावभर पेढे वाटत फिरली. मळा कोण बघंल, असं तिनं त्याला विचारलं नाही. कशाला विचारील? बैल दावणीला होताच की. बरं, ट्रेनिंगसुद्धा त्याच्या नशिबानं नाशिकरोडच्या तोफखान्यात. भेटीचा रविवार आला की आई शेंगदाण्याची चटणी, पुरणाच्या पोळ्या, डिंकाचे लाडू असा डबा बांधायची आणि तो डबा मीच मोटरसायकलवर न्यायचो, आईला मागं बसवून. लाडू चाखायला मागितला तर म्हणायची, "तुला काय, तू घरीच हायेस."

तू घरीच हायेस. जन्मभर माझ्या वाट्याला हे वाक्य आलं.

तरी तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मी कुणाला सांगितलेली नव्हती. जिवा सुट्टीवर आला की आधी मळ्यात यायचा. मागून चोरपावलांनी येऊन माझ्या डाव्या कानाला टिचकी मारायचा. "दादा, माझी सही जाग्यावर हाय ना? बघून घेतो." मी त्याला ठेवणीतली शिवी हासडायचो. तो हसायचा. "तू माझ्या प्रगतिपुस्तकावर इतक्या सह्या केल्या, माझी एकच हाय तुझ्यावर." हे सगळं आम्ही दोघं असतानाच चालायचं. आईसमोर कानाचा विषय तोही काढत नव्हता आणि मीही नाही. का, ते आम्ही कधी बोललो नाही.

शेवटच्या सुट्टीत जाताना त्यानं टिचकी मारली नाही. गाडीला उशीर झाला होता, घाईत होता. दीड महिन्यानं तिकडं लढाई पेटली आणि त्यांच्या ठाण्यावर तोफगोळा पडला. सकाळी अकराला फोन आला. मी घेतला.

त्याला आणलं त्या दिवशी फाट्यापासून मळ्यापर्यंत रस्ता दिसत नव्हता, एवढी माणसं. ट्रकला लावायचे हार मी आणि उज्वलानं केले, कारण बाजारातून विकतचे हार आणायचे म्हणजे माळ्याच्या घरानं उसनं पाणी प्यायचं. अग्नी मी दिला. आणि चितेपुढं उभं असताना माझ्या डोक्यात काय यावं? की वडिलांच्या मयताला चाळीस माणसं होती, माझ्याला पंचवीस येतील. स्वतःचीच किळस आली. रडत होतो आणि हेवाही करत होतो, दोन्ही एकाच वेळी. असं होतं माणसाचं, कुणी कबूल करत नाही एवढंच.

वर्षभरानं पुतळ्याचं ठरलं. जिवाचा वर्गमित्र ललित, फार हुशार आणि धडपड्या पोरगा, तो स्मारक समितीचा अध्यक्ष झाला. सिन्नरकडच्या झुंबर मिस्त्रींना काम दिलं. ते गणपती, नंदी, पुतळे सगळंच करायचे. छातीपर्यंतचा पुतळा, फायबरचा, वरून ब्राँझसारखा रंग. त्यांनी आमच्याकडून फोटो मागवले. निघाले तीन, आणि तिन्हीत जिवा समोर बघतोय. मिस्त्री म्हणाले, "समोरून तोंड जमंल. पण बाजूनं नाक, जबडा, कान कसा व्हता, हे मी हवेतून आणू का?" मग माझ्याकडं निरखून बघितलं. "ह्यांची ठेवण भावासारखीच दिसती. चार दिवस बसता का माझ्यापुढं?"

असा मी पुतळ्यासाठी बसलो. जिवाचा गणवेश घातला, त्याची टोपी घातली. ती टोपी उजवीकडं उतरती असते, उजवा कान झाकतो, डावा उघडा राहतो. शाळेच्या मागच्या खोलीत मी खिडकीकडं तोंड करून स्टुलावर बसायचो आणि मिस्त्री माती थापायचे. खरं सांगू? त्या गणवेशात मला बरं वाटत होतं. पाठ आपोआप ताठ झाली. वाटलं, त्या दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेलो असतो तर.

तिसऱ्या दिवशी आई माझा डबा घेऊन आली. मला ती येताना दिसली नाही, दाराकडं माझी पाठ होती. एकदम मागून हाक आली.

"जिवा!"

अशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मळ्याच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात तशी मोठी, आणि तरी आत काहीतरी फुटल्यासारखी. मी वळलो. तिच्या हातातला डबा खाली गेला. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "तू व्हय."

तू व्हय! बस्स. एवढंच. डबा उचलला, चौकटीला टेकवून ठेवला आणि गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. कोणत्या आईचं तिथं काळीज ठिकाणावर राहील? पण ती हाक मला लागायला नको होती आणि ते 'तू व्हय' तर मुळीच नको होतं. जेवण मी कुत्र्याला घातलं.

पुतळा फाट्यावर बसला, पडदा निघाला, टाळ्या झाल्या. मी खाली उभा होतो. मान वर करून बघितलं आणि दचकलोच. डाव्या कानाच्या वरच्या कडेला हरभऱ्याएवढी खाच होती. मिस्त्रींना जे दिसलं ते त्यांनी इमानानं केलं होतं! जिवाचा कान अखंड होता. हा कान माझा होता. मी इकडंतिकडं बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. चौथरा उंच, वर हारांचा ढीग, कोण कशाला कान बघतंय?

मी गप्प बसलो. का बसलो ते सांगतो, वाटेल ते म्हणा. मला आनंद झाला. पाहुणे येतात, शाळेची मुलं सलामी देतात, एवढी फुलं पडतात, त्यातल्या चार पाकळ्या तरी माझ्या कानावरून खाली येतात की. सगळा मान तुझा, जिवा, पण कानापुरता मी आहे बरं का. सात वर्षं मी हे मनात धरून होतो, चोरून गूळ खाल्ल्यासारखं.

स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी आई पुतळा धुते. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तीन पायऱ्या चढून वर उभी राहते आणि मी खाली बादली धरतो. कपाळ पुसते, मिशी पुसते, खांद्यावरची धूळ काढते, मग पहिल्या तोड्याची फुलं वाहते. डाव्या कानाशी मात्र ती लय वेळ रेंगाळते. फडकं पिळून पिळून पुसते. जिवाच्या कानात लहानपणी माती साठायची, तीच तिला आठवत असणार, असं मी धरून चाललो होतो. हात भरून यायचे बादली धरून. मनात म्हणायचो, माझा कान कधी पुसलास का गं असा?

यंदा घोटाळा झाला. ललितला कार्यक्रमाच्या बॅनरसाठी पुतळ्याचा जवळून फोटो हवा होता. त्यानं मोबाइलवर काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि तडक आमच्या घरी आला. आई मळ्यात होती.

"सोमादादा, हे बघा. कान तुटकाय!"

"हो का?" मी म्हटलं. जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय.

ललितनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्याचा चेहरा उजळला. "अहो, हा तर तुमचा कान! मिस्त्रींनी तुमचा कान जीवनला लावला. सात वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कमाल आहे! काळजी करू नका. मिस्त्रींना आजच फोन करतो. कडेला लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा, अर्ध्या तासाचं काम. शहीद जवानाचा कान तुटका, बरं दिसतं का?"

"भरा की," मी म्हटलं. "मला काय त्याचं."

तो गेल्यावर मी मळ्यात जाऊन वाळलेली झेंडूची रोपं उपटायला घेतली आणि रागाच्या भरात चांगली फुलावर आलेली दोन वरंबे रोपं उपटून टाकली. उज्वला कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय झालं? कानाचं सुतक धरलंय व्हय?"

"थट्टा करू नकोस."

"करू नको तर काय करू? फायबरच्या कानावरून एवढं? तुमचा खरा कान हाय की डोक्याला."

"ह्याला कोण विचारतं?" मी म्हटलं. आणि मग जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते तिच्यापुढं ओकलो. भरतीचं, डब्याचं, त्या हाकेचं, 'तू व्हय'चं. "सगळं त्याचं, उज्वला. आई त्याची, गाव त्याचं, पहिला तोडा त्याचा. मला एवढीशी खाच मिळाली होती तिथं. तीपण बुजवतायत."

ती हसली नाही. उपटलेल्या रोपांवरची फुलं ओटीत खुडायला बसली. खुडता खुडता म्हणाली, "आईंना सांगितलंत का कानाचं?"

"तिला काय सांगायचं? तिला कुठं दिसलाय तो कधी?"

स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी आई आणि मी नेहमीसारखे फाट्यावर गेलो. आईच्या डोक्यावर शेवंतीची पाटी, माझ्या हातात बादली आणि फडकं. तिला मी काही बोललो नव्हतो. म्हटलं होईल ते होईल. तिथं पोचलो तर झुंबर मिस्त्री आधीच पायऱ्यांवर चढलेले. पार म्हातारे झालेत आता. एका हातात पत्र्याच्या तुकड्यावर कालवलेली लांबी, दुसऱ्या हातात पट्टी. ललित खालून सांगत होता, "थोडं वरून घ्या, मिस्त्री, गोल आलं पाहिजे."

आईनं पाटी खाली ठेवली. "काय चाललंय?"

"मावशी, थोडी दुरुस्ती," ललित म्हणाला. "कानाची कड भरून घेतोय."

"मिस्त्री, हात खाली घ्या."

असा आवाज तिचा मी मळ्यात शिरलेल्या गुरांना हाकलताना ऐकलाय. मिस्त्रींनी हात खाली घेतला.

ललित समजुतीनं बोलायला लागला. "मावशी, तुमच्या ध्यानात आलं नसेल. आपल्या जीवनचा कान चांगला होता. हा चुकून सोमादादांचा कान आलाय."

"मला सांगतो?" आई म्हणाली. "मला? दोघांचे कान मीच धुतले ना रे लहानपनी? पडदा काढला त्याच दिवशी बघितला मी. आंधळी हाय का काय?"

मी हातातली बादली खाली ठेवली. "आई, तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पुतळ्याकडंच बघत बोलली. "काय बोलू? हा कान तुटला त्या दिवशी मी ह्याला मारलं. रगत ह्याचं आन् मारलं बी ह्यालाच. आधी कान बघायचा सोडून. भेदरले व्हते रे मी, हात कसा उठला कळलं नाय. आता घरी कुठं हात लावू त्या कानाला? चाळिशीला आलेला बाप्या. जवळ गेलं तरी म्हनतो, काय हवंय. इथं वर्साकाठी एकदा पुसून घेते. तेवढंबी बुजवता व्हय?"

चहाच्या टपरीवरची दोन माणसं उठून उभी राहिली होती. मिस्त्री पुटपुटले, "मला दिसलं ते मी केलं, बाई." ललितनं खाली बघितलं, मग माझ्याकडं. "दादा, कान तुमचा आहे. तुम्हीच सांगा काय करायचं."

आठ वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते कुणीतरी एकदम माझ्या हातात दिलं होतं. माझा कान आहे, राहू दे, असं मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"राहू दे," मी म्हटलं. "जिवाची सही आहे ती."

"कसली सही?" आईनं विचारलं.

मग सांगावं लागलं. तो सुट्टीवर यायचा, मागून टिचकी मारायचा, सही जाग्यावर हाय का विचारायचा, प्रगतिपुस्तकावरच्या माझ्या सह्यांची फेड म्हणायचा, हे सगळं. शेवटच्या सुट्टीत राहून गेलेल्या टिचकीचंही सांगितलं.

आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं तोंड बदलत गेलं. ओठ आत ओढले, डोळे बारीक झाले.

"मला नाय सांगितलं कधी त्यानं," ती म्हणाली. "तुलाच बरं सांगितलं."

हेवा तोंडावर कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको. तो मी रोज दाढी करताना आरशात बघतो. आज तो आईच्या तोंडावर होता आणि माझ्यामुळं होता. खोटं बोलत नाही, पळभर मला बरं वाटलं. माझ्याकडं जिवाचं असं काहीतरी होतं जे तिच्याकडं नव्हतं. पण पुढच्याच क्षणी ती मला एवढीशी दिसली, साठी उलटलेली, वाकलेली, पोराची एक टिचकीसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हती म्हणून रुसलेली बाई. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

ती माझ्याकडं वळली. बादलीत फडकं बुडवलं आणि घट्ट पिळलं. मग माझी हनुवटी धरून, शाळेत निघालेल्या पोराचं करतात तसं, माझं तोंड एका बाजूला फिरवलं आणि डावा कान पुसायला लागली. मागून, पाळीवरून, मग वरच्या कडेनं. खाच लागली तिथं तिचं बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं. पाणी गारठ्याचं होतं. टपरीवरची माणसं बघत होती, ललित बघत होता, वरून जिवा बघत होता.

मला पुसत होती की त्याच्या सहीला, ते मी विचारलं नाही. तिचा हात नीट पोचावा म्हणून मान थोडी खाली वाकवली.